पारावरचा दगड

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि डोंगराच्या माथ्यावर तीन तळी होती. इतकी उंच, की ऐन उन्हाळ्यातही त्यांच्या काठाला बर्फ असे. वर्षातून एकदा गावकरी घोळक्यानं ती तळी बघायला जात आणि दिवस मावळायच्या आत परतत. कारण त्या थंडीत वर रात्र काढलेला माणूस सकाळी जिवंत सापडत नसे.

म्हणून गावानं एक रीत घातली होती. निघताना प्रत्येकानं आपल्या खुणेचा दगड पायथ्याच्या पारावर ठेवायचा आणि उतरल्यावर तो आपल्याच हातानं उचलून ओढ्यात टाकायचा. पारावर एकही दगड उरला असेल, तर कुणी घरी जायचं नाही. म्हातारा वाटाड्या माणसं मोजत नसे, दगड बघे.

त्या गावात एक शिंपी होता. पायाला भिंगरी, आणि धीर म्हणाल तर नावाला नाही. त्याचा शेजारी तांबट मात्र जाडजूड, दर चार पावलांना थांबून "वा, काय पाणी आहे!" म्हणणारा. दोघांची दोस्ती कशी जमली, हे त्यांच्या बायकांनाही कोडं होतं.

त्या वर्षी उतरताना धुकं दाटलं. खालच्या तळ्यापाशी तांबट चपलेचा अंगठा बांधायला बसला.

"तू हो पुढं, आलोच मी," तो म्हणाला.

शिंपी धूम खाली आला. धुक्यात माणसं कुडकुडत उभी होती. पारावर दोनच दगड उरले होते, एक त्याचा आणि एक तांबटाचा. शिंप्याच्या पोटात कावळे ओरडत होते आणि घरी गरम पिठलं वाट बघत होतं. 'येतोच आहे तो. एका दगडापायी सगळ्यांना कशाला ताटकळत ठेवायचं?' असं मनाशी म्हणून त्यानं दोन्ही दगड उचलले आणि ओढ्यात टाकले. स्वतःला तो मोठा परोपकारीच समजत होता!

वाटाड्यानं रिकामा पार पाहिला. लोक घरोघर गेले.

शिंप्यानं पहिला घास मोडला, तोच तांबटीण दारात आली. "भावजी, हे कुठं राहिले? पारावर तर दगड नाही. कुणाकडे गप्पा मारत बसलेत का?"

शिंप्यानं हातातला घास ताटात ठेवला. ओढ्यात गेलेला दगड काही साक्ष देणार नव्हता. 'असेल इथंच कुठंतरी' एवढं म्हटलं असतं, तरी त्याला कुणी दोष दिला नसता. पण दाराबाहेर दिवस उतरत चालला होता.

"वहिनी, त्याचा दगड मी उचलला," तो कसाबसा म्हणाला. "तो अजून वर आहे."

मग तो अनवाणीच वाटाड्याकडे धावला आणि सगळ्यांसमोर तेच सांगितलं. लोक खवळले. वाटाड्या एवढंच म्हणाला, "रागवायचं ते नंतर. आधी घोंगड्या घ्या."

सगळ्यांत पुढं शिंपी होता. आयुष्यात पहिल्यांदाच तो दर चार पावलांना थांबून हाका मारत होता. खालच्या तळ्याजवळच्या कपारीतून ओ आली आणि त्याचा जीव भांड्यात पडला. तांबटाचा पाय मुरगळला होता, ओठ निळे पडले होते, पण स्वारी हसत होती.

"घाबरला नाहीस?" त्याच्या अंगावर घोंगडी घालत शिंप्यानं विचारलं.

"घाबरायचं कशाला? माझा दगड पारावर आहे, तोवर तुम्ही थोडेच घरी जाणार!"

शिंपी लहान मुलासारखा रडला. मग खरं काय ते त्यानं तांबटालाही सांगितलं. "बरं, आता मला पाठीवर घे," तो म्हणाला. "आणि हळू चाल."

पुढच्या वर्षी बाकी सगळे उतरले, तरी पारावर एक दगड होताच. शेजारी शिंपी भुकेला बसून होता. तांबट डुलत डुलत आला आणि त्यानं आपला दगड आपल्या हातानं उचलला. मग दोघं मिळून पिठलं खायला गेले.

तात्पर्य काय, तर जो आपल्या भरवशावर मागं राहिला आहे, तो डोळ्यांना दिसेपर्यंत त्याची वाट बघावी. आणि चूक झालीच, तर ती वेळेवर सांगावी.