पलीकडचा हुंकार

"उचलल्यावर तू काय म्हणतोस?" दस्तगीरबाबांनी विचारलं.

"हॅलो म्हणतो."

"मग?"

"मग काही नाही. पलीकडून आवाजच येत नाही. दोन-तीनदा हॅलो म्हणतो आणि ठेवतो."

चिंचेखाली वारा पडला होता. खालच्या वस्तीतली पिठाची गिरणी तेवढी चालू होती.

यशोधन पाटणे पुण्याहून गाडी चालवत आला होता आणि आल्यापासून घड्याळ बघत होता. मोबाइल फोन बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीत तो आवाजाच्या विभागाचा प्रमुख होता. असल्या ठिकाणी यायची त्याला मनातून लाज वाटत होती. डोंगराच्या पोटाशी एक घुमटी, भोवती चिंचा आणि त्यांच्या सावलीत फकिराचं छप्पर, एवढाच तो तकिया. पण खालच्या वस्तीत एकटी राहणारी त्याची आई दर गुरुवारी इथे दिव्याला तेल घालायला यायची. ती गेल्यावर तिच्या शेजारच्या मालनकाकूंनी धोशा लावला, की एकदा बाबांना भेटून ये. शेवटी हातपाय गळाले तेव्हा तो आला.

कारण रोज भर दुपारी त्याला आईच्या नंबरावरून फोन येत होता.

आईचं सिमकार्ड त्याने स्वतः बंद केलं होतं. तिचा फोन त्याच्या कपाटात होता, मेलेल्या बॅटरीसकट. सुरुवातीला त्याने हे सगळं शहाण्या माणसासारखं घेतलं. नंबर दुसऱ्या कोणाला दिला गेला असेल म्हणाला, नेटवर्कचा घोळ असेल म्हणाला. चौकशी केली तर तो नंबर कोणाकडेच नव्हता. त्याने स्वतःचा फोन बदलला, मग नंबर बदलला. दुपार झाली की फोन यायचाच. न उचलावा तर वाजतच राहायचा, आणि उचलला की पलीकडे ती शांतता.

ती शांतताच त्याला खायला उठायची. साधी शांतता त्याला पाठ होती. तिच्यात वारा असतो, पंख्याची घरघर असते, लांबचं एखादं कुत्रं असतं. हिच्यात काहीच नसायचं. धुऊन, पुसून, वाळत घातल्यासारखी ती कोरडी असायची.

"ताईत द्या, अंगारा द्या, काय ते द्या," तो म्हणाला. "माझा विश्वास नाही, पण देऊन बघा."

बाबांना त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी मांडी बदलली आणि सरळ गोष्टच सांगायला घेतली.

एक धनगर होता. त्याची मेंढरं डोंगरापलीकडे गेली. तो हाका मारत निघाला...

एवढं सांगून बाबा थांबले.

यशोधनने थोडा वेळ वाट पाहिली. "पुढे?"

"तू ऐकतोयस का?"

"ऐकतोय की."

"मला कसं कळावं?"

 यशोधनला एकदम आठवलं. लहानपणी आई गोष्ट सांगायची तेव्हा हुंकार द्यावा लागायचा. तिच्या प्रत्येक वाक्याला त्याचं एक "हं". हुंकार थांबला की गोष्ट थांबायची. मग आई वाकून बघायची आणि गोधडी वर ओढून घ्यायची. गोष्ट अर्धी राहिली म्हणून तो सकाळी भांडायचा, तर ती म्हणायची, तू हुंकार दिला नाहीस, मी कोणाला सांगू?

"हं," तो म्हणाला.

"आता तू सांग," बाबा म्हणाले. "मी हुंकार देतो."

"मी काय सांगू?"

"तू काय काम करतोस ते."

यशोधनचा चेहरा उजळला. कामाबद्दल विचारलं की कोणीही खुलतो, आणि याचा तर कामावर जीव. त्याने खिशातून फोन काढून चटईवर ठेवला आणि रेकॉर्डिंग चालू केलं. फोनला एकच कान नसतो, तो सांगू लागला. खाली तोंडाशी एक बारीक भोक असतं, वरच्या कडेला दुसरं.

"हं," बाबा म्हणाले.

खालचं भोक माणसाचं बोलणं ऐकतं, वरचं भोक भोवतालचा गोंगाट ऐकतं.

"हं."

मग आत एक यंत्र असतं. माणूस कोणता आणि कचरा कोणता, ते ओळखतं आणि कचरा काढून टाकतं. त्या यंत्राला त्याने शिकवलं होतं. शेजारी कुकरची शिट्टी होऊ दे, वरात जाऊ दे, पलीकडच्याला पत्ता लागत नाही. देशभरातल्या लोकांच्या हातात आज त्याचं ते यंत्र होतं.

"हं... हं."

"आता ऐका," यशोधन म्हणाला आणि त्याने रेकॉर्डिंग लावलं.

खरोखर, कमाल होती. गिरणी गेली होती. चिंचेवरचे कावळे गेले होते. त्याचा आवाज तेवढा निवडलेल्या तांदळासारखा स्वच्छ येत होता. खालचं भोक माणसाचं बोलणं ऐकतं... मग काहीच नाही. वरचं भोक गोंगाट ऐकतं... मग काहीच नाही. बंद खोलीत एक माणूस एकटाच बडबडत होता, मधेच थांबत होता आणि पुन्हा बडबडत होता.

बाबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मी कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

यशोधन फोनकडे बघत राहिला. उत्तर त्याला ठाऊक होतं. गेले कित्येक दिवस ठाऊक होतं आणि त्याने ते कोणाला, अगदी बायकोलाही, सांगितलं नव्हतं.

"तुम्ही कचऱ्यात गेलात, बाबा."

मग तो खालमानेने बोलू लागला. यंत्राला शिकवण्यासाठी आधी माणसांना बसावं लागतं. त्याची मंडळी कानाला हेडफोन लावून दिवसच्या दिवस बसली होती. एकेक आवाज ऐकायचा आणि ढिगात टाकायचा. एक ढीग माणसाचा, एक कचऱ्याचा. बांगड्या कचऱ्यात, खोकला कचऱ्यात, चुलीवरची फोडणी कचऱ्यात. एके दिवशी हाताखालची एक मुलगी अडली. तिच्याकडे नुसते हुंकार आले होते, मिटल्या ओठांचे. सर, हे तर माणूस आहे ना, म्हणाली. यशोधनने ऐकलं. पंख्याच्या घरघरीत आणि त्या हुंकारात यंत्राला फरक करणं अवघड जात होतं, आणि काम संपवायची घाई होती.

"यात शब्द कुठे आहे, असं मी तिला विचारलं," यशोधन म्हणाला. "आणि कचऱ्यात टाकायला सांगितलं."

"मग?"

मग तो नवा फोन बाजारात आला. पहिल्याच खेपेतला एक त्याने आईला पाठवला, हौसेने. त्यानंतर त्यांचं बोलणं आटत गेलं. तो काहीबाही सांगायचा आणि पलीकडे शुकशुकाट. ऐकतेस ना, असं दर वाक्याला विचारावं लागायचं. ऐकतेय की रे, बोल तू, ती म्हणायची. पण त्याचा जीव लागेना. आईला आता आपल्या गोष्टींत गोडी राहिली नाही, असं त्याला वाटलं आणि त्याचा त्याला रागही आला. मग तो फोन लवकर ठेवायला लागला.

"शेवटचा फोन तिनं केला?" बाबांनी विचारलं.

"हो. दुपारी."

"काय म्हणाली?"

"काहीच नाही. हॅलो हॅलो केलं. आवाज येत नव्हता. मी ठेवला."

यशोधनने ओठ आवळले, पण आता ते आत राहणार नव्हतं.

"तिला झटका आला होता. वाचा गेली होती. तोंड उघडत नव्हतं." त्याने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "मालनकाकू दारापर्यंत आल्या होत्या. आतून त्यांना तिचे हुंकार ऐकू आले. हं... हं... असे. दिवसकार्य झाल्यावर त्या मला म्हणाल्या, मला वाटलं मायलेकरं बोलतायत, कशाला मधी जावं. आणि त्या परत गेल्या, बाबा. संध्याकाळी दार ढकललं तेव्हा आई गार झाली होती. फोन कानाशी होता."

गिरणी कधी थांबली ते त्याला कळलं नाही. सावली चिंचेच्या बुंध्याशी गोळा झाली होती. कावळेही गप्प झाले होते.

चटईवरचा फोन वाजला.

पडद्यावर 'आई' अशी अक्षरं आली. या नव्या फोनमध्ये त्याने ते नाव कधी भरलंच नव्हतं. यशोधन बसल्या जागी मागे सरकला.

"उचल," बाबा म्हणाले.

"नको."

"उचल. पण आज हॅलो म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

"हुंकार दे."

"तो जाणार नाही, बाबा." यशोधनचा आवाज चिरकला. "यातही तेच यंत्र आहे. पलीकडे काही ऐकू जाणार नाही."

"दे."

त्याने फोन उचलून कानाला लावला. पलीकडे तीच शांतता होती, धुतलेली, कोरडी. त्याने डोळे मिटले.

"हं," तो म्हणाला.

काही नाही.

"हं..."

पुन्हा काही नाही. पण या वेळी ती शांतता किंचित पुढे वाकल्यासारखी वाटली. फोनचा कानाशी बसणारा तो एवढासा स्पीकर त्याने स्वतः जुळवला होता. त्यातून काय येऊ शकतं आणि काय येऊ शकत नाही, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. त्याने तिसऱ्यांदा हुंकार दिला.

आणि पलीकडून आवाज आला.

"हॅलो?"

पुरुषाचा आवाज होता. धडधाकट, जरासा घाईतला. मागे कुठलाही गोंगाट नव्हता.

"हॅलो... आई? अगं, आवाज येत नाहीये तुझा."

तो आवाज यशोधनचा होता.

थांब, असं ओरडायला त्याने तोंड उघडू पाहिलं. तोंड उघडेना. जीभ टाळूला चिकटून जड झाली होती आणि ओठ एकमेकांत रुतले होते. जोर केला तेव्हा घशातून एवढंच निघालं.

"हं... हं..."

"हॅलो? ऐकतेस ना?"

पुढचे शब्द त्याला तोंडपाठ होते. रोज रात्री उशीत तोंड खुपसून त्याने मनातल्या मनात तेच ऐकले होते. तो जिवाच्या आकांताने हुंकार देत राहिला. गळ्याच्या शिरा ताठल्या, नाकातून पाणी आलं. एखादा तरी पलीकडे पोचावा, एवढंच त्याला हवं होतं. तकियाच्या घुमटीत तो हुंकार घुमून परत येत होता. समोर बसलेल्या म्हाताऱ्याला ऐकू जात होता, वर चिंचेतल्या कावळ्यांना ऐकू जात होता. कोणी तकियाच्या वाटेवर आलं असतं तर त्यालाही वाटलं असतं, की दोघं बोलतायत.

"मीटिंगला चाललोय गं," पलीकडचा यशोधन म्हणाला. "संध्याकाळी करतो. ठेवतो."

मग ती शांतता पुन्हा जागेवर आली.

त्याचे ओठ सुटले. त्याने फोन कानावरून काढला. आईच्या नावाखाली सेकंदांचे आकडे अजून पुढे सरकत होते. इतक्या दिवसांच्या सवयीने त्याचा अंगठा लाल खुणेकडे निघाला.

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

"ठेवू नकोस, लेकरा. तिनं अजून ठेवलेला नाही."