बसकराखालची चावी

“...पण बाबा, चावी तुम्ही काढून घेताच का?”

माझा आवाज जरा चढलाच. फकिराशी असं बोलतात का? कसं बोलतात ते तरी मला कुठं माहीत होतं!

घाटमाथ्यावर, दर्ग्याच्या ओट्यावर शाबूबाबा बसले होते. त्यांच्या बसकराखाली आमच्या कंपनीच्या ट्रकची चावी. आणि पलीकडे लिंबाखाली त्या ट्रकचा ड्रायव्हर मारुती, तोंड उघडं टाकून घोरत होता.

माझ्या कडेवर इरा. दात येताहेत तिला. आमच्या घरात सध्या कुणीच झोपत नाही.

इथली रीत मला कळली होती. ड्रायव्हर उतरतो, दर्ग्याला हात जोडतो, बाबांच्या हातचं पाणी पितो. पाणी देताना बाबा डोळे बघतात. डोळे तांबारलेले दिसले की तळवा पुढं करतात. झोप झाली की चावी परत. कुणी हुज्जत घालत नाही.

मी घालायला आले होते.

मोबाइल पुढं केला. “या आमच्या गाड्या. हिरवा ठिपका म्हणजे धावतेय. हा लाल, विनाकारण थांबलेला, तुमच्या ओट्यापाशी.”

“एवढ्या सगळ्या? बसल्या जागी दिसतात?”

“हो. रस्ता यंत्रच ठरवतं. माल कधी पोचेल ते गोदामाला यंत्रच कळवतं.”

“माशाल्ला! तू केलंस?”

“आम्ही... काही जणांनी.” बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

“आणि यात मारुती कुठाय?”

“हा काय, लाल ठिपक्यात.”

बाबांनी लिंबाकडं पाहिलं. मग ठिपक्याकडं. मग पुन्हा लिंबाकडं.

“बाबा, हसू नका ना. पुन्हा लाल दिसला तर त्याची लाइन जाईल, हा रस्ता दुसऱ्या ड्रायव्हरला मिळेल. नियम आहे.”

“कुणाचा?”

“...माझाच.”

इरानं माझी वेणी ओढली.

“उठवा त्याला,” मी म्हटलं. “पुढं आम्ही गाडीत कॅमेरा बसवणार आहोत. डोळा लागला की वाजेल.”

“वा. वाजलं की?”

“जागा होईल.”

“मग?”

“मग... गाडी चालवेल.”

“मग?”

ओट्याखालून घाटाचा उतार दिसत होता. एका वळणाआड दुसरं वळण.

मी मोबाइल उघडला. थांबण्याची कारणं आम्हीच भरली होती. पंक्चर, ट्रॅफिक, तपासणी, बिघाड. इतक्या हुशार माणसांनी बसून केलेली यादी, आणि त्यात झोप नव्हती.

मी ‘झोप’ लिहिलं. नियम बदलला. वर काय सांगायचं ते उद्या बघू. म्हणजे, सुचलं तर.

लाल ठिपका पिवळा झाला.

“झालं, बाबा! आता मारुतीला कुणी काही म्हणणार नाही. झोपू द्या त्याला.”

“जीती रहो, बेटी. तुझं यंत्र गुणाचं आहे. सांगितलेलं ऐकतं.”

मला एकदम हलकं वाटलं. इतकं, की उठताना ओट्याचा कठडा धरावा लागला.

“निघते. चारला मीटिंग आहे. खाली उतरायला हवं.”

“गाडी कोण चालवतंय?”

“मीच. इरा मागं तिच्या खुर्चीत.”

“पाणी पिऊन जा.”

बाबांनी वाटी भरून पुढं केली. पाणी गार होतं. मी घटाघटा प्याले. वाटी खाली ठेवली, तर बाबा माझ्याकडंच बघत होते.

पर्समधून मी गाडीची चावी काढली होती.

बाबांनी तळवा पुढं केला.

“अहो बाबा, मी काय ड्रायव्हर आहे का...”

तळवा तसाच.

लिंबाखाली मारुती कूस बदलून पुन्हा घोरू लागला.

बाबांनी दुसराही हात पुढं केला. “चावी इथं ठेव. लेकरू माझ्याकडं दे.”