दोषाचा रकाना

"पण महाराज, खेळातल्या कल्पित माणसाला दोष हवाच कशाला?"

भार्गवने कागद पुढे ठेवला. अद्वयस्वामींचा जप चालू होता. त्यांनी माळ पुरी होऊ दिली, ती गोमुखीत ठेवली, आणि मग कागद हाती घेतला.

कोयनेकाठच्या त्या मठात हा खेळ नुकताच आला होता. मठाच्या शाळेतल्या शिक्षिका कुमुदिनीबाई रविवारी दुपारी तो मुलांना आणि मठवासींना घेऊन ओसरीवर मांडीत. प्रत्येकाने एक कल्पित माणूस व्हायचे. कथा बाई पुढे नेत. संकट आले की फासा टाकायचा. त्या माणसाचे बळ, बुद्धी, नाती, शस्त्रे, सारे एका छापील कागदावर आधी लिहावे लागे. कागद पुरा झाल्यावाचून बाई कोणाला खेळात घेत नसत.

स्वामींनी आडकाठी केली नव्हती. ते म्हणत, "कीर्तनात सगळेच शहाणे दिसतात. खेळात माणूस दिसतो."

भार्गव केळुसकर तत्त्वज्ञानाचा पदवीधर. मठात राहून त्याला काही वर्षे झाली होती. संन्यासाची दीक्षा मिळावी, याहून दुसरी इच्छा त्याला नव्हती. त्या दिवशी सकाळी त्याने ती पुन्हा मागितली, तेव्हा स्वामी एवढेच म्हणाले होते, "बाईंचा कागद पुरा करून संध्याकाळी ये."

दीक्षा कोठे आणि खेळाचा कागद कोठे. भार्गवला तो अपमान वाटला. तरी तो आला होता.

"या बळापुढे दोन आकडे का आहेत?" स्वामींनी विचारले.

"मोठा आकडा मूळ बळाचा. त्यावरून धाकटा काढतात. फासा पडला की धाकटा त्यात मिळवायचा."

"आणि मोठा?"

"तो... नुसता असतो."

"खेळात लागत नाही?"

"क्वचित."

"तू तो ठळक लिहिला आहेस."

स्वामी पुढच्या रकान्याकडे वळले.

"ही सहज जाणीव म्हणजे काय?"

"शोध न घेता जे ध्यानात येते, ते. मुद्दाम शोधायचे तर फासा टाकावा लागतो. आपोआप दिसते, त्याला फासा नाही."

"तुझ्या माणसाला आपोआप किती दिसते?"

"पुष्कळ, महाराज. मी त्याला तेवढे दिले आहे."

"इतरांचे, की स्वतःचे?"

"कागदावर तसा भेद केलेला नाही."

"हं..."

स्वामींचे बोट खाली सरकले. दोषाच्या रकान्यात दोन ओळी लिहून खोडल्या होत्या. बाकी जागा कोरी होती.

"येथे काय झाले?"

"आधी लिहिले होते, अति दयाळू. बाईंनी कागद परत केला."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, भार्गवराव, दोष विचारला आहे. मानपत्र नको."

स्वामींचे खांदे किंचित हलले.

"मग?"

"मग लिहिले, दुसऱ्यांसाठी झटताना स्वतःकडे दुर्लक्ष करतो. त्यावर म्हणाल्या, असा मनुष्य कथेत घेऊन मी काय करू? त्याला पाटावर बसवा, ओवाळा. आम्ही पुढे जातो... मुले हसली."

"तुला राग आला?"

"नाही, महाराज."

स्वामी त्याच्याकडे पाहत राहिले.

"...आला."

"मग भित्रा लिही. लोभी लिही. मनुष्य कल्पित आहे, तुझे काय जाते?"

"लिहिता येत नाही."

"का?"

भार्गवचा आवाज खाली गेला. "आपण दीक्षेच्या आधी हा रकाना भरायला सांगितलात. म्हणजे ही परीक्षा आहे. येथे खरा दोष लिहिला, तर दीक्षा जाईल. खोटा लिहिला, तरी जाईल. आठवडाभर मी लेखणी धरून बसतोच आहे, महाराज, आणि आज तर दीक्षाच पणाला लागली. हात पुढे जात नाही."

दोष लपवणाऱ्याला त्यावर पहारा ठेवावा लागतो, आणि पहारेकऱ्याच्या नशिबी झोप नसते. भार्गवचे डोळे जागरणाने तांबारले होते.

"कोरा कागद आहे तुझ्याजवळ?" स्वामींनी विचारले.

होता. भार्गवने दिला.

स्वामी लिहू लागले. बळ, बुद्धी, शस्त्रे, कवच, सारे त्यांनी तसेच सोडून दिले.

"महाराज, वरचे रकाने राहिले."

"ते मला समजत नाहीत."

दोषाच्या रकान्यात मात्र त्यांची लेखणी थांबली नाही. जागा पुरेना, तेव्हा त्यांनी समासात लिहिले. मग कागद भार्गवपुढे सरकवला.

भार्गवने वाचले.

'प्रवचनाला श्रोते थोडे आले, तर ते मनाला लागते. कोणी शंका काढली की उत्तराआधी चीड येते. प्रसाद घेताना दुसऱ्याच्या द्रोणाकडे लक्ष जाते. चुकलो, हा शब्द ओठांपर्यंत येतो आणि तेथेच बसून राहतो.'

त्याने पुन्हा वाचले.

"महाराज... हे माझे आहे."

"मी तर माझे लिहिले."

"हे शेवटचे वाक्य..."

"तेही माझेच."

"पूर्वीचे असेल."

"आजचे आहे. सकाळी आचाऱ्याला उगाच बोललो. अजून त्याच्याकडे गेलेलो नाही."

घाटावर कोणी धुणे आपटत होते, तेवढाच आवाज येत होता.

भार्गवला हसू आले. ते ओसरले नाही तोच डोळे भरून आले. मग त्याने आपला कागद ओढला आणि लिहिले. एक ओळ झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. लिहिताना त्याने डाव्या हाताचा आडोसा धरला नाही. हात आता अडत नव्हता.

पुरा झालेला कागद त्याने दोन्ही हातांनी पुढे केला.

स्वामींनी न वाचताच त्याची घडी घातली आणि तो परत दिला. "बाईंना दे."

"आपण वाचणार नाही?"

स्वामींनी मान हलवली. नाही.

भार्गवने घडी हातात घेतली. मग म्हणाला, "महाराज, दीक्षेचे मी आता मागणार नाही. मी योग्य नाही, हे माझ्याच हाताने लिहिले आहे."

हे बोलताना दुःख कसे झाले नाही, याचे त्याचे त्यालाच नवल वाटले. कित्येक दिवसांत त्याने असा मोकळा श्वास घेतला नव्हता.

स्वामी उठले. "पहाटे घाटावर ये. न्हाव्याला निरोप गेला आहे."

दीक्षेआधी मुंडन होते. न्हाव्याला निरोप जाणे म्हणजे काय, हे मठात कोणाला सांगावे लागत नसे.

भार्गव उभा राहिला. पुन्हा बसला.

"निरोप... केव्हा गेला?"

"सकाळी. तू दीक्षा मागून गेलास, त्यानंतर लगेच."

"पण महाराज, सकाळी तर हा रकाना रिकामाच होता."

स्वामींनी पायांत खडावा घातल्या. त्यांना मुदपाकखान्यात आचाऱ्याकडे जायचे होते. दाराशी ते क्षणभर थांबले.

"तुझ्या कागदावर. मला तो फासा न टाकताही भरलेला दिसत होता."