जेवढी पारख, तेवढी शक्यता

धुक्यात बुडालेल्या एका तळ्याकाठी मुलींचं नामांकित कॉलेज होतं. जागा मोजक्या असत आणि प्रवेशाचा शेवटचा शब्द संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब रणसुभे यांचा असे. आलेल्या मुलींना शब्दांत अडकवण्याचा त्यांना भारी नाद होता.

त्या वर्षी डोंगरापलीकडच्या गावातून शाल्मली बिडवे मुलाखतीला आली. तिला ताऱ्यांचं शास्त्र शिकायचं होतं आणि ते शिकवणारं कॉलेज त्या मुलखात हे एकच होतं. खुर्चीवर बसल्यावरही तिची नजर खिडकीबाहेरच्या धुक्यात तरंगत राहिली.

भाऊसाहेबांना ते खटकलं. ते म्हणाले, "तुला इथे प्रवेश मिळण्याची शक्यता किती, ते तूच सांग. जास्त सांगितलीस तर तू गर्विष्ठ, आणि गर्विष्ठ मुली आम्ही घेत नाही. कमी सांगितलीस तर तुझाच तुझ्यावर विश्वास नाही, मग आम्ही का ठेवावा?"

शेजारी बसलेल्या प्राचार्या वत्सलाबाईंनी मान खाली घातली. या प्रश्नातून आजवर कुणी सुटली नव्हती.

स्वप्नातून जागी व्हावी तशी शाल्मली वळली आणि हळूच म्हणाली, "साहेब, जेवढी तुमची पारख, तेवढीच माझी शक्यता."

"मग फारच क..." म्हणता म्हणता भाऊसाहेब थबकले. कमी म्हणावं, तर कमीपणा कुणाकडे येतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. वत्सलाबाईंनी पदराआड हसू लपवलं.

"हिला घ्या, बाई," ते शेवटी म्हणाले. "हिला नाकारलं, तर मीच नापास व्हायचो."

पायऱ्या उतरताना आपले पाय जमिनीला लागताहेत की नाही, हेच शाल्मलीला कळत नव्हतं.