कळुंबेतला परतीचा ठोका

कळुंबे गावात कुणाचंही दार वाजवलं, की आतून आधी एक ठोका येतो. 'कोण आहे' नाही, 'आलो आलो' नाही. आतला माणूस हाताला लागेल त्यानं, पळीनं, चपलेनं, नाहीतर बोटाच्या पेरांनी, जवळच्या भिंतीवर एक ठोका देतो आणि मग सावकाश उठतो. दवाखान्यात हीच रीत, शाळेत हीच, पोलीस चौकीतही हीच. झांबियाच्या उत्तरेकडच्या या तांब्याच्या खाणीच्या गावात नवखा माणूस आला, की पहिले दोन दिवस त्याला वाटतं आपली चेष्टा चालली आहे.

कराडचे विनायक मुळीक यांना ही रीत कळली ती न्हाणीघरात. खाणीतलं पाणी उपसणारे मोठे पंप बसवण्यात त्यांची उमर गेलेली. आठ दिवसांच्या कामासाठी आले आणि पावसानं ओढ्यावरचा पूल नेल्यामुळे तिसरा आठवडा लागला तरी तिथेच. गावाला रस्ता एकच, जुनी रेल्वे कधीचीच बंद पडलेली, त्यामुळे निघायचं म्हटलं तरी निघणार कुठून! फोन लागायचा तेव्हा बायको विचारायची, "कधी येताय?" आणि हे म्हणायचे, "पूल झाला की." असं वैतागून बसलेलं असताना एका दुपारी पाहुण्यांच्या बंगल्यातल्या न्हाणीघराची कडी अडकली. मुळीकांनी दार बडवलं. बाहेरून एक ठोका आला. यांनी पुन्हा बडवलं, पुन्हा एक ठोका आला.

"अहो, ठोकताय काय, दार उघडा की!" मुळीक अस्सल कराडी मराठीत ओरडले.

दार उघडलं ते बंगल्याचे राखणदार बा कासोंडे यांनी. ऐंशीच्या घरातले, खाणीत उभं आयुष्य काढलेले गृहस्थ. नावाआधीचं 'बा' म्हणजे मान, आपल्या 'राव'सारखा, फक्त पुढे लागणारा. त्यांनी हातातला पेचकस खिशात घातला आणि इंग्रजीत म्हणाले, "रागावू नका, साहेब. आमच्याकडे माणूस अडकला, की आधी त्याला कळवतात, तुझं ऐकू आलं म्हणून. सोडवणं नंतर."

मग व्हरांड्यात खुर्च्या टाकून त्यांनी सांगितलं ते असं.

खाण नवी होती तेव्हाची, म्हणजे बा कासोंड्यांच्या आजीच्या तरुणपणची ही गोष्ट. कामगारांच्या खोल्यांच्या रांगा, भोवती तारेचं कुंपण, आणि बाहेर पाऊल टाकायचं तर साहेबाच्या सहीची चिठ्ठी. शेवटच्या रांगेत मुसोंडा नावाचा कामगार आणि त्याची बायको राहायची. तिचं नाव चंदा. इथे मुळीकांनी भुवया उंचावल्या, पण तिकडे हे नाव जुनंच आहे, आपल्याकडून गेलेलं नाही.

त्या वेळी मका उखळात कांडायचे. उखळ एक, मुसळं दोन, कांडणाऱ्या दोघी समोरासमोर. एकीचं मुसळ वर जातं तेव्हा दुसरीचं खाली येतं. चंदा लांबच्या गावाहून नवी नवरी होऊन आली तेव्हा तिच्यासमोर उभी राहायला ना नणंद ना जाऊ. म्हणून मुसोंडाच दुसरं मुसळ घ्यायचा. रांगेतले पुरुष त्याला हसायचे, बाप्या असून कांडतोस म्हणायचे. तो म्हणायचा, "पीठ मीही खातो ना!" आणि कांडत राहायचा. म्हणे त्यांचं कांडप इतकं जुळलेलं असायचं, की शेजारणी हातातलं काम थांबवून ऐकायच्या.

एका सकाळी या रांगेखालून गेलेल्या खाणीच्या बोगद्याचं छत बसलं. आत सात माणसं राहिली, त्यांत मुसोंडा. कंपनीनं दोन दिवस उकरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी बोगद्याच्या तोंडाशी भिंत बांधली, पाद्र्याकडून प्रार्थना म्हणवली आणि सात नावांचा कागद फाटकावर लावून टाकला. चंदाला निरोप आला, शनिवारच्या गाडीनं माहेरी जा, खोली रिकामी हवी आहे. त्या दिवशी बुधवार होता.

रडून झाल्यावरही पोटाला लागतंच. तिनं मका काढला आणि एकटीच कांडायला उभी राहिली. पण हाताची सवय जात नाही. मुसळ एकदा मारायचं आणि समोरच्याच्या मुसळाला जागा ठेवायची, तशी ती रिकामी जागा ठेवून कांडत होती. आणि त्या रिकाम्या जागेत खालून ठोका आला. कानांआधी तो तिच्या अनवाणी पायांना कळला. तिनं पुन्हा मुसळ मारलं, पुन्हा खालून ठोका आला. चंदानं मुसळ टाकलं आणि किंचाळत रांगेत पळाली.

रांगेत बाना म्वेवा नावाची सगळ्यांत वडील बाई होती. खाणीवर साहेबाचा शब्द चालायचा, रांगेत तिचा. ती आली, जमिनीला कान लावला, आणि ऐकून तिचा चेहरा उतरला. या डोंगराला धनी आहे, असं तिथे पूर्वीपासून मानत. डोंगर पोखरला की आत निजलेले पूर्वज जागे होतात आणि आतून ठोकतात. त्या ठोक्याला उत्तर द्यायचं नसतं. जो उत्तर देईल त्याला ते खाली बोलावून घेतात.

"आजपासून कुणी मुसळ उचलायचं नाही," बाना म्वेवा म्हणाली. "कांडपाचा आवाज त्यांना उत्तरासारखा वाटतो. पोरी, तू तर आधीच दोनदा उत्तर देऊन बसली आहेस. आता गप्प राहा."

यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. उलट चंदाला वाचवायचं म्हणूनच सगळी रांग गप्प झाली. बायकांनी मका नुसता उकडून घरच्यांना घातला. म्हाताऱ्यांनी घरची बिअर जमिनीवर ओतून धन्याची माफी मागितली. खालचे ठोके बुधवारी दिवसभर येत राहिले, गुरुवारी तुटक तुटक आले, शुक्रवारी एखाददुसरा आला असेल. शनिवारी सकाळी सगळं शांत झालं. बाना म्वेवा म्हणाली, धनी निवला. पोरंटोरं पुन्हा अंगणात खेळायला लागली.

या तीन दिवसांत चंदाचं काय झालं असेल? खोली तिची राहिली नव्हती आणि कुंपणाबाहेर जायची चिठ्ठी शनिवारचीच होती. शेजारणी भीतीनं तिच्या अंगणात येईनात. कान झाकून ती जमिनीवर पडायची, तर ठोका पाठीला कळायचा. उभी राहायची, तर तळव्यांना कळायचा. चार भिंतींची खोली आणि खाली तो आवाज, पळायचं तरी कुठे? आणि शनिवारी आवाज थांबला तेव्हा सुटल्यासारखं वाटायच्या ऐवजी तिचा जीव आणखीच गुदमरला. असं का होतंय हे तिचं तिलाच कळेना.

दुपारच्या गाडीसाठी गाठोडं बांधून ती उंबऱ्यावर बसली. वाटेत खायला पीठ हवं, पण कांडायची बंदी. म्हणून कोरडा मका दातांनी फोडत होती. आणि फोडता फोडता थांबली. तिला आठवलं ते ठोक्यांचं येणं. तिचं मुसळ खाली यायचं, मग ठोका. तिचं मुसळ, मग ठोका. एकदाही दोन्ही एकमेकांवर आदळले नव्हते.

ती उठली आणि रांगेच्या मधोमध जाऊन मोठ्यानं म्हणाली, "ज्याचा डोंगर आहे, तो पाळी कशाला बघेल? पाळी बघतो तो माणूस."

कुणाला काही समजायच्या आत तिनं मुसळ उचललं. बाना म्वेवा ओरडली, "मरशील! खाली जाशील!" चंदा म्हणाली, "जाईन." आणि रिकाम्या उखळात मुसळ मारलं. मारलं आणि जागा सोडली. खालून काही नाही. पुन्हा मारलं, पुन्हा जागा सोडली. अशी किती वेळ कांडत राहिली कोण जाणे. स्टेशनात गाडी आली, शिट्टी देऊन गेलीसुद्धा. लोक लांब उभे राहून ती वेडी झाली म्हणून हळहळत होते. आणि मग त्या जागेत ठोका आला. अगदी दुबळा, पण नेमका जागेवर.

ती थांबली, तर खालचाही थांबला. तिनं दोनदा मारलं, तर खालून दोनदा आलं.

बाना म्वेवाला जे कळलं ते सगळ्या रांगेला एकदमच कळलं. आधी वरचं कांडप ऐकून खालच्यांनी ठोकलं होतं, आणि त्यांनी ठोकलं म्हणून वरच्यांनी कांडप बंद केलं होतं.

माणसं साहेबाकडे धावली. साहेबानं सांगितलं, माणसं मेल्याचं कागदावर आहे, भिंतीला हात लावायचा नाही. खाली उतरायला दुसरी वाट एकच, रांगेच्या मागचा जुना खड्डा. पूर्वजांनीही कधीकाळी तिथून तांबं काढलं होतं आणि दगड भरून तो बुजवला होता. धन्याच्या धाकानं तिथे पाय ठेवायलाही मनाई. आता सगळे बाना म्वेवाकडे बघायला लागले. म्हातारी उठून त्या दगडांवर जाऊन बसली आणि म्हणाली, "मला उचलून बाजूला ठेवा आणि खणा. धन्याला राग आला, तर मी आहे इथे."

ते दोन दिवस खणत होते, असं सांगतात. कुठल्या बाजूला वळायचं ते खालच्या ठोक्यावरून ठरवायचे, आणि खालचा ठोका यायचा तो चंदाच्या मुसळामागून. म्हणून तिला थांबता येईना. थांबली, की खालच्यांना वाटणार मागच्यासारखेच गप्प झाले. दुसरं कुणी तिचं मुसळ हाती धरेना, कारण उत्तर देणाऱ्याचं काय होतं ही भीती एका दुपारीत जात नसते. बायका तिला उभ्यानंच पाणी पाजायच्या, तळहातांना चिंध्या बांधायच्या. खालची माणसं दगडात अडकलेली आणि ही उखळाशी.

दुसऱ्या दिवशी, ऊन उतरताना, खालचा ठोका आला नाही. पुढचाही आला नाही. खणणारे थांबले, कुदळी टेकवून उभे राहिले. चंदा मात्र तशीच कांडत होती, मुसळ आणि रिकामी जागा, मुसळ आणि रिकामी जागा. ती रिकामी जागा कुणाला ऐकवेना. शेवटी बाना म्वेवाच पुढे आली, दुसरं मुसळ उचललं आणि ती जागा भरायला हात वर केला. चंदानं तिचा हात धरला.

"नको, आई. ती जागा त्याची आहे."

आणि पुन्हा कांडायला लागली. खणणाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि कुदळी उचलल्या. सोमवारी सकाळी दगड आरपार फुटला.

सातांतले चार जण जिवंत निघाले. डोळ्यांवर फडकी बांधून एकेकाला वर काढलं. चंदा प्रत्येकाचं तोंड न्याहाळत होती. चौथा निघाला तोही मुसोंडा नव्हता, म्वान्सा नावाचा त्याचा जोडीदार होता. त्याच्या मुठीत लोखंडी बोल्ट होता आणि मूठ उघडत नव्हती.

"चंदा कुठे आहे?" त्यानं विचारलं. ती जवळ गेली. म्वान्सा म्हणाला, "पहिले ठोके त्याचे होते. पाय दगडाखाली गेला होता त्याचा, पण तुझं मुसळ ऐकलं आणि हसला. म्हणाला, ही माझीच बायको, बघा कशी जागा सोडते. मग मुसळ थांबलं. तो ठोकत राहिला. शेवटी म्हणाला, तिला गाडीत बसवून दिली असणार. बोल्ट माझ्या हातात दिला. म्हणाला, पुन्हा कांडप ऐकू आलं आणि त्यात जागा असली, तर ती तीच. त्या जागेत मार. दिवसरात्र काही कळत नव्हतं आम्हाला. पण तू पुन्हा सुरू केलंस, तेव्हा त्याचं अंग अजून गार झालं नव्हतं."

बाना म्वेवानं चंदासमोर गुडघे टेकले आणि तिथल्या रीतीप्रमाणे ओंजळीनं हलक्या टाळ्या वाजवून माफी मागितली. म्हणाली, "मुसळ मी थांबवलं." चंदानं तिला उठवलं आणि म्हणाली, "थांबले ती मी."

डोंगरानं चंदाला खाली बोलावलं नाही. ती म्हातारी होईपर्यंत त्याच रांगेत राहिली. लोक तिच्या पाया पडायचे, पोरांना सांगायचे की हिनं चार माणसं वाचवली. चंदाला ते सहन व्हायचं नाही. कुणी 'चार' म्हटलं की ती एवढंच म्हणायची, "तीन दिवस." तिच्या त्या तीन दिवसांपायीच गावानं ही रीत लावून घेतली, असं बा कासोंडे सांगतात.

आजही कळुंबेत ठोका ऐकू आला, की माणूस आधी परतीचा ठोका देतो. कोण आहे, काय हवंय, आपल्याला वेळ आहे का, हे सगळं मागाहून. आणि दार उघडल्यावर समोर ओळखीचा असो की परका, आतला माणूस त्याला पहिलं वाक्य म्हणतो ते असं : "उशीर झाला, माफ करा." उशीर झालेला नसला तरी म्हणतो.