कासाराच्या लेकीचे हात

घाटाखालच्या एका गावात एक कासार राहत होता. त्याचं दुकान ओट्यावर, आणि दुकानाची खरी शोभा म्हणजे त्याची वयात आलेली लेक. तिचे हात कोपरापर्यंत बांगड्यांनी भरलेले असत. ते पाहून बायका म्हणत, "आम्हालाही अश्शाच भरा." लेक आणखी बांगड्या मागायची, कासार खुशीत द्यायचा. आपल्या मालाची एवढी हौस कुठल्या कासाराला नको असेल?

तिची आई वारली तेव्हा त्यानं बजावलं होतं, "गिऱ्हाइकापुढे रडू नये, बाळ." तेव्हापासून ती कुणापुढेच रडली नव्हती. बापाला वाटलं, पोर शहाणी झाली.

संक्रांतीच्या तोंडावर ओट्यावर ही गर्दी! धक्का लागून लेकीच्या दोन बांगड्या वाढल्या. कासाराच्या घरी 'फुटल्या' म्हणत नाहीत. काचा काढायला बापानं तिला आत नेलं, समोर बसून बाकीच्या बांगड्या वर सरकवल्या. खाली जखमा होत्या, काही जुन्या, काही ताज्या. आत्ताच्या काचेच्या त्या नव्हत्या.

बाहेरून हाका येत होत्या. वर नव्या बांगड्या चढवल्या तर कुणाला कळणार आहे, असं त्याच्या मनात आलं. गावात बभ्रा झाला तर पोरीला नावं ठेवतील. त्यानं बांगड्या उचलल्याही. पण लेकीनं इतक्या सवयीनं मनगट पुढे केलं की त्यानं त्या खाली ठेवल्या. त्यानं उठून दार लावलं.

"बाळ, हे तू केलंस?"

तिनं होकारार्थी मान हलवली. "रागावलात, बाबा?"

"नाही गं. घाबरलोय. सांग मला."

"आईची आठवण दाटून येते. बोलू कुणाशी? मग सगळं हातावर निघतं."

बाप तिच्याआधी रडला. "मीच तुझं तोंड बंद केलं, पोरी."

वैद्यानं जखमांवर लेप लावला. "हात लवकर भरतील, मनाला वेळ लागेल," तो म्हणाला. "तिला एकटं सोडू नका. दम तर मुळीच देऊ नका." मावशी राहायला आली. पुन्हा एकदा तसंच दाटून आलं तेव्हा लेकीनं भर गिऱ्हाइकात बापाला हाक मारली, आणि तो हातातलं टाकून उठला.

लेक आता मोकळ्या हातांनी ओट्यावर बसू लागली. एकीनं नाक मुरडलंच, "कासाराची पोर अन् हात रिकामे?"

"दुखावले होते. बरे होताहेत," लेक म्हणाली.

गर्दी पांगली, पण एक बाई जाईना. "माझा मुलगा भर उन्हात बाह्या ओढून बसतो गं," ती हळूच म्हणाली. "विचारलं की अंगावर येतो."

लेकीनं तिला बसायला पाट दिला. "ओरडू नका, काकू. आज त्याच्याजवळ नुसत्या बसा. मग पुन्हा विचारा."

तात्पर्य काय, तर झाकून जखम भरत नाही. ज्याला दुखतंय त्यानं विश्वासाच्या एका तरी माणसाला सांगावं, आणि ज्याला सांगितलं त्यानं न रागावता ऐकावं.