सुपडू जावई आणि आप्पांचं डोकं

केळीच्या बागांत बुडालेल्या एका गावात एक भोळा जावई होता. नाव सुपडू. कुणी काही सांगितलं की तो ते करायचा. सांगितलं तेवढंच, पण अगदी शेवटपर्यंत.

त्याचे सासरे ओंकारआप्पा. महिन्यात दोनदा त्यांना बोलता बोलता झटका आला. हात ताठ, डोळे वर, हातातली चहाची बशी खाली. घर घाबरलं. डॉक्टर म्हणाले, "डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढू. मग औषध ठरवू."

सुपडूची बायको कोकिळा बाळंतीण. आप्पांना नेणार कोण? सुपडू.

कोकिळा म्हणाली, "आप्पांना जरा नीटनेटकं करून न्या हो. शहरात जायचंय."

सुपडूनं अर्धी बाटली खोबरेल आप्पांच्या डोक्यावर रिकामी केली. उरलेलं मिशांना लावलं. आप्पा लांबून चमकायला लागले.

तपासणीच्या खोलीत निकुंभ मॅडम होत्या. त्यांनी पहिली तार लावली. ती घसरून कानावर आली. दुसरी मानेवर. तिसरी सदऱ्यात गेली, ती शोधायला वेळ लागला.

"अहो, एवढं तेल! तेलावर तार बसत नाही. बुधवारी या. डोकं चांगलं घासून धुऊन आणा."

"बरं," सुपडू म्हणाला.

घासणं त्याला ठाऊक होतं. घरातली तांब्याची घागर तोच घासायचा. बुधवारी सकाळी त्यानं चिंच, राख आणि नारळाची शेंडी घेतली. आप्पा दोनदा "जावईबापू" म्हणाले. तिसऱ्यांदा "आई गं" म्हणाले. सुपडू थांबला नाही. चकाकी अजून आली नव्हती.

मॅडमनी आप्पांचं टाळकं पाहिलं. लालभडक.

"सोललंत की हो! अशा कातडीवर तारा लावता येत नाहीत. थोडं घासावं लागतं, पण ते मी घासते. कापसानं, हळूच, तारेपुरत्या जागेवर. तुम्ही हातसुद्धा लावू नका. पंधरा दिवसांनी या. शाम्पूनं धुवा आणि केस खडखडीत वाळवून आणा."

"हात न लावता?"

"हात न लावता."

"बरं."

पंधरा दिवसांनी सुपडूनं आप्पांना बागेत नेलं. पाइपाच्या तोंडाशी बसवलं, शाम्पूची पुडी लांबूनच डोक्यावर ओतली आणि मोटार चालू केली. आप्पा तीन वाफे पुढे सापडले.

मग वाळवण. वाळवण गच्चीवर घालतात. सुपडूनं खाट टाकली आणि आप्पांना आडवं व्हायला सांगितलं. कावळ्यांनी टोचू नये म्हणून वर जुनं लुगडं पांघरलं. दर अर्ध्या तासानं ओरडायचा, "आप्पा, कूस बदला."

शेजारच्या गच्चीवरून लीलाबाईंनी विचारलं, "सुपडूभाऊ, काय घातलंय वाळत?"

"सासरे."

आप्पा निमूट उलटे झाले. जावयाला बोलायचं तरी कसं?

दवाखान्यात पोचले तेव्हा आप्पा घामानं निथळत होते. मॅडमनी कपाळाला हात लावला. स्वतःच्या. पण आज त्यांनी परत पाठवलं नाही. पंख्याखाली बसवून घाम टिपला. डोकं मोजून खुणा केल्या. केस बाजूला सारून एकेक जागा हळूच घासली, पांढरी चिकट पेस्ट लावली आणि तार बसवली. एकवीस तारा. एकही घसरली नाही. पडद्यावर रेघा धावू लागल्या. दमलेले आप्पा पाच मिनिटांत घोरायला लागले.

"छान!" मॅडम म्हणाल्या. "झोपेत दोष लवकर हाती लागतो."

तेवढ्यात डॉक्टरांनी हाक मारली. मॅडम उठल्या. "दोन मिनिटांत आले. लक्ष ठेवा. इथलं काहीही हलता कामा नये."

"बरं."

सुपडूनं आप्पांकडे पाहिलं. हलत नव्हते. तारा पाहिल्या. हलत नव्हत्या. मग पडद्याकडे पाहिलं आणि तो ताडकन उठला. तिथं सगळ्या रेघा वळवळत होत्या!

"शूऽ!" सुपडू म्हणाला. ऐकेनात. त्यानं पडद्यावर तळवा दाबला. त्या बोटांच्या फटींतून निघाल्या. त्यानं दोन्ही हात दाबले, मग कोपर, मग गाल. उपयोग नाही. बाहेर मॅडमच्या चपला वाजल्या. सुपडूला भिंतीवरचं मोठं बटण दिसलं. त्यानं ते खटकन बंद केलं आणि पडदा काळा झाला.

मॅडम दारातच मटकन स्टुलावर बसल्या. त्या आवाजानं आप्पा जागे झाले.

"काय जावईबापू, काय निघालं माझ्या डोक्यात?"

सुपडूला भरून आलं. त्यानं आप्पांचा हात हातात घेतला.

"किडे होते आप्पा. ओळीनं वळवळत होते. पण आता काळजी नको. मी स्वतः पाहिलंय. तुमच्या डोक्यात आता काहीसुद्धा नाही."